मज्जातंतू आणि अकरावीचा अर्ज

२०१७ च्या पावसाळ्यात, कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली असताना, तिच्यावर औषध फवारणारे शेकडो शेतकरी व मजूर यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने इस्पितळांत दाखल झाले आणि त्यांपैकी वीसहून अधिक दगावले, ही हकिगत त्याच जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात कोणालाही नव्याने सांगावी लागत नाही. परंतु असल्या विषाने देहात नेमके काय घडते, हे मुळापासून समजून घ्यावे असे ज्या विद्यार्थ्याच्या मनात येईल, त्याला कोणत्या शाखेचे दार ठोठावावे लागेल, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

कीटकनाशकांतील एका मोठ्या वर्गाची, म्हणजे मोनोक्रोटोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांची, गोष्ट अशी आहे. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य आपले काम संपताच एका विकराकडून निमिषार्धात नष्ट केले जाते. विष त्या विकरालाच जखडून ठेवते, संदेश थांबत नाही, घाम व लाळ अनावर होतात, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वसनाचे स्नायूच थकून जातात. यावर जे अ‍ॅट्रोपीन टोचतात, ते बांधावरच्या धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींतही आढळते.

आता हा विषय कोणत्या खात्याच्या हद्दीत येतो? मज्जातंतू आणि स्नायू यांचे कार्य जीवशास्त्राचे. विष आणि विकर यांचा बंध रसायनशास्त्राचा. मज्जातंतूतून धावणारा विद्युत्प्रवाह पदार्थविज्ञानाचा, आणि हॉजकिन व हक्सली या शास्त्रज्ञांनी माखलीच्या जातीतील स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ साली त्या प्रवाहाची जी समीकरणे मांडली ती गणिताची. विषबाधेतून वाचलेल्याच्या चित्तवृत्तीत राहणारा फरक मानसशास्त्राचा. आणि उकाड्यात तोंड झाकणे मजुराला का साधत नाही, हा प्रश्न समाजशास्त्राचा. यांतील बहुतेक शास्त्रे ज्या एका अभ्यासात एकत्र नांदतात, त्यालाच मज्जाविज्ञान, अर्थात न्यूरोसायन्स, म्हणतात.

अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाने १९७३ च्या सुमारासच पदवीच्या वर्गांसाठी असा संमिश्र अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे या नावाचे शिक्षण मुख्यत्वे पदवीनंतरच, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा बंगळुरूची निम्हान्स यांसारख्या संस्थांत मिळते. तथापि पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या आयसर या विज्ञानसंस्थेमध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासात जीवशास्त्राबरोबर गणित व पदार्थविज्ञानही शिकता येते, आणि मेंदूवर संशोधन करणारे अध्यापकही तेथे आहेत.

खरा निर्णय मात्र पुण्याला पोहोचण्यापूर्वीच, अकरावीच्या प्रवेश-अर्जावर विषयांचा गट लिहिताना, होऊन जातो. डॉक्टर व्हायचे तर गणित सोडा, इंजिनिअर व्हायचे तर जीवशास्त्र सोडा, ही आपल्या घराघरांतली सल्लामसलत कळकळीची असते, पण ती मुलाच्या हातून दोन वाटांपैकी एक काढून घेते. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकत्र घेण्याची मुभा आपल्या राज्याच्या शिक्षण मंडळात आहे. श्रम अधिक पडतात हे खरे. तरीही ज्याला मज्जातंतूंचे कोडे खुणावते, त्याने ते श्रम पत्करावेत आणि पालकांनी त्याला बळ द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण फवारणीच्या विषाचा देहातला प्रवास ज्याला अथपासून इतिपर्यंत उकलायचा आहे, त्याला यांतला एकही विषय वजा करून चालणार नाही.