कागदावरचे यंत्र आणि हातातले लोखंड

यंत्र अभियांत्रिकी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'मेकॅनिकल' शाखा, बाहेरून पाहणाऱ्याला मोटारींची, इंजिनांची आणि तेलाने काळ्या झालेल्या हातांची वाटत असली, तरी पदवीच्या चार वर्षांतील मोठा वेळ कागदावरच जातो. बल, उष्णता आणि गती यांचा पदार्थावर काय परिणाम होतो हे आधी आकड्यांत मांडायचे आणि तो आकडा लोखंडाला मान्य आहे का हे नंतर तपासायचे, असे या शिक्षणाचे मूळ स्वरूप आहे. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे. आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी पुण्यातील संस्था 1854 साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'मेकॅनिकल स्कूल' हे शब्द होते, आणि गिरण्यांच्या मुंबईला यंत्रे जाणणारी माणसे हवी होती त्या काळात, 1887 साली, व्हीजेटीआय उभी राहिली.

पहिले वर्ष बहुतेक सर्व शाखांना समान असते आणि त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या जोडीला अभियांत्रिकी रेखाचित्र, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'ईडी' किंवा 'ग्राफिक्स', हा विषय येतो, जो अनेकांना अकारण छळवादी वाटतो. वस्तू जशी डोळ्यांना दिसते तशी काढणे हे चित्रकाराचे काम झाले. अभियंत्याला ती समोरून, वरून आणि बाजूने अशी वेगवेगळी काढावी लागते, कारण कारखान्यातील कारागिराला त्या कागदावरून मापे घेऊन तीच वस्तू घडवायची असते. उभ्या धरलेल्या उसाच्या कांड्याला तिरका काप दिला, तर वरून पाहताना वर्तुळ दिसते, काप ज्या दिशेला कललेला आहे त्याच्या बरोबर बाजूने पाहताना एक तिरपी रेघ दिसते आणि कापाचा खरा आकार मात्र लंबवर्तुळाचा असतो. एकाच कापाची ही तीन रूपे मनात एकत्र धरता येणे, हेच या विषयाचे सार आहे. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे चित्रकलेचा नाद सोडावा लागला आणि ते यांत्रिक रेखाचित्राकडे वळून व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सारे त्यानंतरचे.

याच विषयाने विद्यार्थ्यांच्या शब्दकोशात 'जीटी' या शब्दाची भर घातली आहे. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राचा पूर्ण झालेला शीट ठेवायचा, त्यावर आपला कोरा शीट पसरायचा आणि दिसतील त्या रेघा गिरवायच्या. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात हे काम सामुदायिक उत्साहाने चालते. संगणकावरील आरेखन, म्हणजे कॅड, आल्यापासून काचेची जागा फाइलच्या नकलेने घेतली आहे. साधन बदलले, पण नुकसान तेच राहिले, कारण रेघ कागदावर उमटते आणि ती तेथे का आली हे डोक्यात उमटत नाही.

दुसऱ्या वर्षी पदार्थांची बलशास्त्रीय परीक्षा सुरू होते. एखाद्या दांड्यावरील बलाला त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की मिळते ते प्रतिबल, आणि त्या बलामुळे मूळ लांबीच्या प्रमाणात जो बदल होतो ती विकृती. वर्गात या दोहोंना 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' असेच म्हणतात. हे शब्द फळ्यावर कोरडे वाटतात, परंतु प्रयोगशाळेतील यूटीएम नावाच्या ताणयंत्रात 12 मिलिमीटर व्यासाची साध्या पोलादाची कांडी अडकवली की त्यांना अर्थ येतो. सुमारे 2.9 टन भारापर्यंत कांडीत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि भार काढला तर ती पूर्ववत होते. त्यापुढे ती कायमची लांबू लागते. भार साडेचार टनांच्या पुढे गेल्यावर मध्येच एका जागी तिची 'मान' बारीक होते, आणि दचकवणारा आवाज होऊन ती तुटते तेव्हा एका तुकड्याच्या टोकाला वाटीसारखा खळगा आणि दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारा शंकू दिसतो. बिडाची कांडी अशी पूर्वसूचना देत नाही, ती मान बारीक न होता सपाट तुटते. पिळाच्या परीक्षेत याच्या उलट घडते: पोलाद अक्षाला काटकोनात सपाट तुटते, तर बीड सुमारे 45 अंशांच्या सर्पिल रेषेत फाटते. हा दुसरा प्रकार घरी पाहण्यासाठी यंत्राची गरज नाही, फळ्यावरचा खडू दोन्ही हातांनी पिळून तोडला तरी पुरते.

यंत्रांची गती शिकवणाऱ्या विषयात चार दुव्यांची साखळी भेटते आणि तिचे उत्तम उदाहरण शिंप्याच्या पायमशीनमध्ये असते, जेथे वरखाली होणारे पायडल, उभी जोडदांडी, चाकाशी जोडलेला भुजेचा छोटा दुवा आणि मशीनचा स्थिर सांगाडा हे चार दुवे मिळून पायाच्या हेलकाव्याचे चाकाच्या फेऱ्यांत रूपांतर करतात. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दुव्यांच्या लांबीची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नसेल, तरच लहान दुवा पूर्ण फेरी घेऊ शकतो, असा ग्रासहॉफचा नियम आहे. जोडदांडी आणि भुजा एका रेषेत आल्या की पायाने कितीही दाबले तरी चाक हलत नाही. या स्थितीला मृतबिंदू म्हणतात, आणि शिलाई सुरू करताना चाकाला हाताने दिला जाणारा हलका झटका त्यावरचाच उपाय असतो. पुढे चाकाचे जडत्व मशीनला दर फेरीत त्या बिंदूपलीकडे नेते.

उष्मागतिकी हा याच शाखेचा दुसरा खांब. उष्णतेचे पूर्णपणे कामात रूपांतर करणारे इंजिन बनूच शकत नाही, हा विचार फ्रान्सच्या सादी कार्नो याने 1824 साली मांडलेल्या विवेचनातून पुढे आला. वाफ 540 अंश सेल्सिअस आणि थंड करणारे पाणी 40 अंश असेल, तर आदर्श इंजिनाचीही कार्यक्षमता साधारण 61 टक्क्यांवर थांबते, आणि प्रत्यक्षातील कोळशाची वीजकेंद्रे त्याहूनही बरीच मागे राहतात. मध्येच 'एम-थ्री' नावाचे गणित अनेकांना केटी लावते, म्हणजे अनुत्तीर्ण विषय पुढच्या वर्गात सोबत न्यावा लागतो. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही, घरोघरी ते माहीत आहे.

यंत्ररचनेच्या विषयात पोहोचल्यावर मात्र सूत्रे पुरेनाशी होतात. पदार्थ जेवढे सोसू शकतो आणि आपण त्याला जेवढे सोसू देतो, यांच्या गुणोत्तराला सुरक्षा गुणांक म्हणतात, आणि तो किती धरायचा हे अंतिमतः अभियंत्याला ठरवावे लागते. माणसे वाहणाऱ्या लिफ्टच्या दोरांसाठी तो दहाच्याही पुढे असतो, तर विमानाच्या सांगाड्यासाठी साधारण दीड. कारण विमान लिफ्टइतके भक्कम करायला गेले तर ते उडणारच नाही, म्हणून तेथे कमी गुणांकाची भरपाई काटेकोर चाचण्यांनी आणि नियमित तपासणीने केली जाते. हा निर्णय घेण्याची जाण प्रयोगवहीतील आकडे मागच्या वर्षीच्या 'जर्नल'मधून उतरवणाऱ्याला येत नाही, आणि दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही: वीस जणांच्या तुकडीत एक जण यंत्र चालवतो, चार जण पाहतात आणि उरलेले वाचन लिहून घेतात, अशी व्यवस्था असेल तर नक्कल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

विजेच्या गाड्यांमुळे ही शाखा मागे पडेल, ही भीतीही फारशी खरी नाही. इंजिन गेले तरी बेअरिंग, ब्रेक, गिअर आणि सांगाडा राहतात, आणि बॅटरी थंड ठेवणे हा उष्णतावहनाचाच प्रश्न आहे.

प्रवेशफेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी माहितीपत्रकातील नोकऱ्यांचे आकडे जरूर वाचावेत, पण कामाच्या दिवशी दुपारी कार्यशाळेत आणि पदार्थ-चाचणीच्या प्रयोगशाळेत एक फेरीही मारावी. लेथखाली लोखंडाचा ताजा कीस पडलेला असेल आणि यूटीएमशेजारच्या डब्यात तुटलेल्या कांड्या साठलेल्या असतील, तर ते कॉलेज यादीत वर घालायला हरकत नाही.