मामा एवढा का चिडतो? ‘घोस्ट ऑफ सुशिमा’ आणि आपला गनिमी कावा

मागच्या उन्हाळ्यात मी काही दिवस बेलव्ह्यूला मावसबहिणीकडे राहिले होते. तिचा अकरावीतला मुलगा ‘घोस्ट ऑफ सुशिमा’ खेळत होता आणि मी शेजारी चहा घेऊन बघत बसले होते. एका मोठ्या प्रसंगानंतर त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, “मावशी, हा मामा एवढा का चिडतोय? जिंकलो ना आपण?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे. (गेम अजून खेळायचा असेल तर सांभाळून. शेवटापर्यंतचं सगळं इथे फुटणार आहे.)

आधी एक गंमत. तेराव्या शतकातल्या जपानी बेटाचा हा गेम बनला बेलव्ह्यूमध्येच. सकर पंच हा स्टुडिओ १९९७ पासून आहे आणि २०११ पासून सोनीच्या मालकीचा आहे. त्यांचा आधीचा नायक स्लाय कूपर हा चोर रकून होता, म्हणजे लपतछपत जाण्याची त्यांना जुनी सवय. नंतरच्या ‘इन्फेमस’मध्ये (२००९) त्यांनी कर्माचं मीटर ठेवलं होतं. चांगलं वागलात की काटा एकीकडे, वाईट वागलात की दुसरीकडे, आणि त्याप्रमाणे शक्तीही वेगळ्या. मग १७ जुलै २०२० ला आला ‘घोस्ट’. त्यात काय बरोबर आणि काय चूक यावरच अख्खी गोष्ट उभी आहे, पण मीटर मात्र नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. १२७४ मध्ये मंगोल सैन्य सुशिमा बेटावर उतरतं. कोमोदाच्या किनाऱ्यावर ८० सामुराई त्यांना समोरासमोर भिडतात आणि कापले जातात. उरतात दोघं: तरुण जिन साकाई आणि त्याचा मामा, बेटाचा प्रमुख शिमुरा, जो कैदेत पडतो. (इंग्रजीत नुसतं ‘अंकल’ म्हटल्यामुळे हे निसटतं. आपल्याला शकुनी आणि कंस माहीत असल्यामुळे ‘मामा’ म्हटलं की कान लगेच टवकारतात.) जिनला लहानाचं मोठं या मामानेच केलं. शत्रूला सामोरं जाऊन मारायचं, पाठीत वार करायचा नाही, हे शिकवलंही त्यानेच. जिनला वाचवते युना नावाची चोर, आणि ती शिकवते नेमकं उलट.

कथनाचा हा साचा जुनाच आहे. शिस्तीत वाढलेला नायक, शिस्तीने न जिंकता येणारी लढाई, आणि नियम मोडायला शिकवणारी खालच्या थरातली माणसं. सिनेमात आपण हे शेकडो वेळा पाहिलंय. गेममध्ये फरक एवढाच की नियम मोडणारं बोट तुमचं असतं.

म्हणून बोटांना काय मिळतं ते बघू. इमानदारीने लढायचं तर ‘स्टँडऑफ’ आहे. शत्रूला ललकारायचं, ट्रायँगलचं बटण दाबून धरायचं आणि त्याने झेप घेतली की त्याच क्षणी सोडायचं. जरा घाई झाली की तुम्हीच जखमी. दुसरीकडे गवतात दबा धरणं, छपरावरून उडी, कुनाई, धुराचे बॉम्ब, शत्रूला आडोशाला खेचून आणणारी वाऱ्यावरची घंटा. गोष्ट जसजशी पुढे सरकते तसतशी ही हत्यारं वाढत जातात, आणि ‘भूत’ म्हणून तुमचं नाव वाढलं की शत्रू घाबरून पळायला लागतात. पहिल्यांदा जिन कुणाला मागून मारतो तेव्हा गेम थांबून त्याला लहानपणची मामाची शिकवण आठवायला लावतो. तेवढा एक चटका. त्यानंतर गेम तोंडाने ‘शी’ म्हणत राहतो आणि हातावर खाऊ ठेवत राहतो.

मला वाटतं, गेमची मोठी उणीव हीच आहे. तुम्ही मोकळ्या माळावर प्रत्येक टोळीला ललकारून मारलंत, धुराचा बॉम्ब कधी हातातही धरला नाहीत, तरी गोष्टीला काही फरक पडत नाही. काही मोहिमांत लपूनच जावं लागतं, आणि ज्या प्रसंगावरून भाच्याने मला प्रश्न विचारला तो तर टाळताच येत नाही. शिमुराचा किल्ला परत घेताना मंगोल पूल उडवतात, माणसं मरतात, तरीही मामाला पुन्हा समोरूनच चाल करायची असते. जिन रात्री एकटा आत शिरतो आणि मंगोलांच्या पेयात विष कालवतो. किल्ला मिळतो. मामा म्हणतो, दोष त्या चोर बाईवर टाक, तुला वाचवतो. जिन नकार देतो आणि कैदेत पडतो.

आता भाच्याचा प्रश्न. तो बेलव्ह्यूत वाढला असला तरी झोपताना आईने त्याला लाल महाल सांगितलेला आहे. ५ एप्रिल १६६३, रमजानची रात्र. पुण्यात शाहिस्तेखानाचा प्रचंड तळ, आणि शिवाजी महाराज थोडी निवडक माणसं घेऊन मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून आत. खानाची बोटं गेली, मुलगा मारला गेला, खानाची बदली बंगालला झाली. हे तर स्टेल्थ मिशनच! ‘पण हे सामोरं जाऊन का नाही केलं?’ असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. गनीम म्हणजे शत्रू, कावा म्हणजे डाव. हा शब्द मराठीत कौतुकाचा आहे. त्यामुळे मामाचा राग मराठी पोराला परका वाटला तर नवल नाही.

पण खरंच आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही का? आला. आणि कोर्टापर्यंत गेला. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात प्रतापगडावरच्या अफझलखान वधाला विश्वासघात ठरवलं. ते पुस्तक शाळा-कॉलेजांतून वाचलं गेलं आणि शिकलेल्या मराठी माणसाला ते टोचत राहिलं. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात या वधावर भाषणं झाली आणि ‘केसरी’ने ती छापली. थोरांना सामान्य नीतीचे नियम लागू होत नाहीत, असा त्यातला एक युक्तिवाद होता. काही दिवसांतच रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. खानाने आधी वार केला, हे दुसरं उत्तर आपण आजही देतो. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे: समोरच्याने मांडलेला ‘सरळ लढाई’चा निकष आधी मान्य केलेला आहे.

जपानमध्ये जवळपास त्याच वर्षांत काय चाललं होतं बघा. इनाझो नितोबे यांचं ‘बुशिदो’ हे पुस्तक १९०० चं. ते अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिलेलं आहे. तुमच्या शाळेत धर्म शिकवत नाहीत तर नीती कशी शिकवता, असं एका बेल्जियन प्राध्यापकाने त्यांना विचारलं होतं. त्या प्रश्नाची आठवण त्यांनी प्रस्तावनेत सांगितली आहे. परदेशात ‘तुमच्याकडे असं का?’ या प्रश्नाला ज्यांनी पार्टीत उत्तरं दिली आहेत, त्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. शिमुरामामाची नीती तेराव्या शतकापेक्षा या पुस्तकाच्या आणि नंतरच्या सामुराई सिनेमांच्या जास्त जवळची आहे.

कारण १२७४ चे खरे सामुराई मुख्यतः घोड्यावरचे तिरंदाज होते. सुशिमावर सो सुकेकुनी सुमारे ८० घोडेस्वार घेऊन लढला आणि मेला, एवढं गेमने इतिहासातून उचललंय. पण त्याच आक्रमणात क्यूशूवर लढलेला ताकेझाकी सुएनागा नंतर थेट कामाकुराला गेला, माझ्या पराक्रमाचं बक्षीस द्या म्हणून, आणि पुढे स्वतःच्या लढाईचा चित्रपटच (जुन्या अर्थाने, गुंडाळीचा) काढून घेतला. १२८१ च्या दुसऱ्या आक्रमणात तर जपानी योद्धे छोट्या होड्यांतून रात्री मंगोल जहाजांवर छापे घालत होते. म्हणजे शिमुराच्या खऱ्या वंशजांनी सात वर्षांनी जिनचंच काम केलं, आणि कुणी नाक मुरडल्याचं दिसत नाही.

मग मामाचा राग निव्वळ पोकळ? मी भाच्याला आधी तसंच सांगितलं. पण पुढचा भाग खेळताना माझं मत जरा हललं. तिसऱ्या अंकात मंगोल ते विष स्वतः बनवायला शिकतात आणि बेटावरच्याच लोकांवर वापरतात. सन्मानाबद्दलच्या सगळ्या संवादांपेक्षा मला हा प्रसंग जड वाटतो. एकदा शोधलेली युक्ती शोधणाऱ्याकडेच राहत नाही.

माझ्या लॅबमध्ये एक बंगाली सहकारी आहे. मराठे म्हटल्यावर तिला आठवतं ते लाल महाल नाही, तर आजीने म्हटलेलं अंगाईगीत, ज्यात बाळाला निजवताना बर्गी आल्याची भीती आहे. बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. १७४० च्या दशकात त्यांनी बंगालवर वर्षानुवर्षं स्वाऱ्या केल्या. वेगाने यायचं, मोठी लढाई टाळायची, रसद तोडायची, निघून जायचं. पद्धत तीच. फक्त समोर शत्रूच्या सैन्याबरोबर शेतकऱ्यांची गावंही होती. मी तिला गनिमी कावा अभिमानाने समजावून सांगत होते, तेव्हा तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. आमच्या झोपताना सांगायच्या गोष्टींत बंगाल कधीच नव्हता.

हे मी भाच्यालाही सांगितलं. तो तेव्हा शेवटच्या द्वंद्वापर्यंत पोचला होता. हरलेला मामा सन्मानाने मरण मागतो. मारायचं की सोडायचं हे खेळणाऱ्यावर. अख्ख्या गेममधली ही एकमेव मोठी खरी निवड, आणि बक्षिसात फरक फक्त चिलखताच्या रंगाचा: मारलंत तर पांढरं, सोडलंत तर लाल. त्याने बराच वेळ बटण दाबलं नाही. मग मामाला सोडलं. का, विचारल्यावर म्हणाला, “तो चुकतोय, पण एकदम चुकत नाहीये.” आणि जेवायला गेला.