काळ्या चिलखतावरचा प्रकाश

छंद म्हटला की तिकिटे, नाणी, बागकाम किंवा वाचन यांचा उल्लेख प्रथम होतो. या यादीत अलीकडे आणखी एका छंदाची भर पडली आहे. टेबलावर मांडून खेळावयाच्या युद्धखेळातील अंगठ्याएवढे सैनिक रंगविणे, हा तो छंद होय. यातील अवघड काम कोणते, असे विचारल्यास अनेक जाणकार काळ्या चिलखताचे नाव घेतात. काळा रंग लावणे यात अवघड ते काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पटावरून टेबलावर

युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. चतुरंग हा आपल्याच भूमीतला. युरोपात प्रशियाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी राइसविट्झ पितापुत्रांनी युद्धाचा सराव देणारा खेळ रचला आणि १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून खेळण्यातल्या सैनिकांची लढाई घराघरांत नेली. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या संस्थेने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ व १९८७ मध्ये त्याची भविष्यकाळात घडणारी आवृत्ती आणली. या दुसऱ्या खेळात ‘ब्लॅक टेम्पलर्स’ नावाचे काळ्या चिलखताचे योद्धे आहेत. जगभरातील हौशी रंगकर्मी त्यांच्यावर आपला हात आजमावत असतात.

काळे चिलखत ही केवळ कल्पना नव्हे. सोळाव्या शतकात जर्मन घोडदळातील पिस्तूलधारी स्वारांना त्यांच्या काळ्या चिलखतामुळे ‘काळे स्वार’ असेच म्हणत. पोलाद घासून चकचकीत करण्यास श्रम व पैसा लागे. घणाखालून निघालेला काळा पत्रा तसाच ठेवून त्यावर तेल वा रंग चढविला की खर्च वाचे आणि गंजही रोखला जाई.

विजय नगरातील किल्ला

मराठी माणसाला हा छंद परका वाटू नये, याचे कारण म्हणजे दिवाळीचा किल्ला. जबलपूर परिसरावर १७९८ ते १८१७ या काळात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि येथे मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. आम्ही राहतो त्या विजय नगर भागातही काही घरांतून मुले हौसेने किल्ला करतात. दगड, माती, अळीव आणि वर पुण्याहून कोणीतरी आणून दिलेले मातीचे मावळे, असा सारा थाट असतो.

मागील दिवाळीपूर्वी शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाने एका सरदाराचे चिलखत मोठ्या उत्साहाने काळेभोर रंगविले. रंग सुकला आणि त्याचा चेहरा उतरला. चिलखताच्या कड्या, छातीवरचा पट्टा, खांद्याची गोलाई, सारे त्या काळेपणात बुडून गेले होते. “काका, याचा तर कोळसा झाला. टाकून देऊ का?” असे त्याने विचारले. टाकून देण्याचे काहीच कारण नव्हते. त्याचे निम्मे काम उत्तम झाले होते आणि उरलेले निम्मे व्हावयाचे होते.

दोष रंगाचा नाही

वस्तूचा आकार आपल्याला कळतो तो उजेड आणि सावली यांच्या फरकामुळे. जबलपूरकरांना याचे उदाहरण भेडाघाटला सापडेल. तेथील पांढऱ्या संगमरवराच्या मूर्तीवर खाचेखाचेत सावली आपोआप पडते आणि नाकडोळे स्पष्ट दिसतात. काळ्या पृष्ठभागावर मात्र सावली दिसतच नाही. तेथे आकार सांगण्याचे काम केवळ उजेडाला करावे लागते. खरा चिलखतधारी पुरुषभर उंच असतो. त्याच्या खांद्यावर, गुडघ्यावर, शिरस्त्राणाच्या कडेवर आकाशाचा प्रकाश चमकतो. तोच योद्धा सुमारे ३० मिलिमीटरचा झाला की खोलीतल्या दिव्याची ती चमक हातभर अंतरावरून जाणवतही नाही. म्हणून जो प्रकाश पडत नाही, तो कुंचल्याने काढून दाखवावा लागतो.

कृती

प्रथम अस्तर लावून ते पूर्ण वाळू द्यावे. त्यावर ॲक्रिलिकचा काळा रंग दुधासारखा पातळ करून दोन हातांत द्यावा. एकच जाड हात दिल्यास बारीक कोरीव काम बुजते. या काळ्यात किंचित निळा मिसळला तर पोलादाचा थंडपणा येतो, तपकिरी मिसळला तर जुन्या, वापरलेल्या वस्तूची छटा येते. निव्वळ काळा रंग सांध्यांसाठी व खोल खाचांसाठी राखून ठेवावा.

यानंतर उजेडाच्या तीन पायऱ्या येतात. पहिली, गडद निळसर राखाडी छटा वरच्या बाजूंवर हलकेच पसरावी. दुसरी, थोडी फिकी छटा घेऊन कुंचल्याचे टोक न टेकविता त्याची कूस कडेवरून फिरवावी, म्हणजे रेष आपसूक बारीक येते. तिसरी, जवळजवळ पांढरा ठिपका केवळ शिरस्त्राणाचा माथा, खांद्याचा कोपरा, गुडघ्याचे टोक अशा मोजक्या जागी द्यावा. कड्यांचे चिलखत असेल तर रेषा काढीत बसू नये. कोरडा कुंचला रंगात बुडवून कापडावर जवळजवळ पुसून घ्यावा आणि कड्यांवरून हलकेच झटकावा. उंचवट्यांनाच रंग लागतो, खाचा काळ्या राहतात. त्या मुलाने हेच केले. पाच मिनिटांत कडी न्‌ कडी वर आली आणि सरदार महादरवाजावर उभा राहिला.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. उजळ छटेसाठी काळ्यात नुसता पांढरा मिसळू नये, खडूसारखा निर्जीव रंग होतो. दुसरे असे की, राखाडीचा मोह आवरावा. बहुतांश भाग काळाच राहिला पाहिजे, अन्यथा चिलखत काळे न दिसता राखाडी दिसू लागते. कापडाच्या काळ्या भागावर हा उजेड मऊ व पसरट ठेवावा, धातूवर तो धारदार असावा. रंग एकच असूनही वस्तू वेगळी आहे, हे त्यावरूनच कळते.

आपले हवामान

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळू लागतो. यावर घरगुती उपाय आहे. पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर अंथरावा आणि त्यावर रंग काढावा, तो बराच वेळ ओला राहतो. पावसाळ्यात दमट हवेत फवाऱ्याचे वार्निश मारू नये. त्यावर पांढुरके सावट येते आणि काळ्या रंगावर ते फार खुपते. कुंचल्याने लावावयाचे बिनचकाकीचे वार्निश बरे. चकाकीच्या वार्निशावर खोलीतला दिवा चमकतो आणि आपण रंगविलेला प्रकाश हरवतो.

थोडक्यात गोडी

परदेशी सैनिक व त्यांचे खास रंग महाग असतात, तेव्हा आरंभ त्यांनीच करावा असे नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि आज ‘कोकुयो कॅम्लिन’ या नावाने चालणाऱ्या कंपनीचे ॲक्रिलिक रंग गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. काळा, पांढरा, निळा व तपकिरी हे चार रंग, एक बारीक व एक जुना कुंचला, आणि मातीचा एक मावळा एवढे भांडवल सुरुवातीस पुरेसे आहे.

येत्या दिवाळीत आपल्या घरी किल्ला होणार असेल, तर मुलांसोबत एक संध्याकाळ यासाठी अवश्य काढावी. काळा हात वाळेपर्यंत वाट पाहणे त्यांना कठीण जाईल, चेहरेही उतरतील. अशा वेळी मूर्ती फेकू न देता त्यांच्या हाती राखाडी रंगाचा कोरडा कुंचला द्यावा.