शेजारच्या धर्मातील मातेचे स्थान

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी विश्रांती पाळणाऱ्या, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्या बेने इस्रायल समाजाचे हे प्रार्थनास्थळ.

सिनेगॉगमध्ये दर शब्बाथला तोराहचा ठरलेला भाग वाचला जातो. ‘मिश्पातीम’ या भागात असा निवाडा आहे : दोघांच्या भांडणात गर्भवतीला धक्का लागून केवळ गर्भ गेला, तर दंड, ती स्वतः दगावली, तर तो मनुष्यवध. पुढे मिश्ना या धर्मसंहितेने स्पष्ट केले की, प्रसूती अडून प्राणसंकट आल्यास मातेचा जीव आधी. बाळाचा बहुतांश देह बाहेर आल्यावर मात्र दोघांचे प्राण सारखे.

याच आधारावर अमेरिकेतील अनेक ज्यू मंडळ्या २०२१ पासून मिश्पातीमच्या शब्बाथला गर्भपाताच्या हक्कासाठी प्रार्थना करतात. २०२२ मध्ये फ्लोरिडातील एका सिनेगॉगने निर्बंधांविरुद्ध धर्मस्वातंत्र्याच्या नावे न्यायालयात दाद मागितली. अनेक सनातनी ज्यूंना मात्र इतकी मोकळीक मान्य नाही.

भारतात १९७१ च्या कायद्याने विशिष्ट अटींवर ही मुभा दिली. गर्भस्थ जीवही जीवच, ही आपली श्रद्धा. तरीही मातेच्या वेदनेकडे पाठ फिरविणे ही करुणा नव्हे. मतभेद राखूनही शेजाऱ्याचा विचार समजून घेणे, हाच अनेकान्त.