२४ महिन्यांत काय विसरतं, हात की डोकं? फ्लाइट रिव्ह्यूच्या तयारीमागचं संशोधन

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना एकदा मिळाला की त्याला मुदत नसते. पण परवाना खिशात असणं वेगळं आणि विमान घेऊन उडता येणं वेगळं. मागच्या २४ कॅलेंडर महिन्यांत प्रशिक्षकाबरोबर ‘फ्लाइट रिव्ह्यू’ झालेला नसेल, तर पायलट-इन-कमांड म्हणून उड्डाण करता येत नाही. मधल्या काळात नवं रेटिंग मिळवलं असेल, अशा काही सवलती आहेत, पण मूळ नियम हा. कॅलेंडर महिने म्हणजे काय, तर १० मार्च २०२४ ला झालेला रिव्ह्यू ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो.

रिव्ह्यूत किमान एक तास जमिनीवरचं प्रशिक्षण आणि किमान एक तास हवेतलं. जमिनीवर उड्डाणाच्या सर्वसाधारण नियमांची उजळणी होते. हवेत काय करायचं ते प्रशिक्षक ठरवतो. यात पास-नापास असं काही नसतं. प्रशिक्षकाचं समाधान झालं तर लॉगबुकात तशी नोंद आणि सही. नाही झालं तर तो वेळ शिकवणी म्हणून नोंदवला जातो, आणि आणखी सराव करून पुन्हा यायचं.

हा नियम कौशल्य आणि विस्मरण यांच्या अभ्यासकाला फार सोयीचा आहे. मोठ्यांनी शिकलेलं एक कौशल्य, ठरावीक अंतर आणि शेवटी तपासणी, असा आराखडा आयता मिळतो. मग प्रश्न उरतो तो हा: दोन वर्षांत नेमकं काय विसरतं? तयारी कुठून सुरू करायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

दोन अभ्यास, दोन उत्तरं

१९६२ साली फ्लाइशमन आणि पार्कर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना विमानाच्या कंट्रोलसारखी दांडी आणि पायपट्टी वापरून लक्ष्याचा सतत माग ठेवायला शिकवलं. मग ९, १४ किंवा २४ महिन्यांनी पुन्हा बोलावलं. निकाल असा की २४ महिन्यांनंतरही कौशल्य फारसं घटलेलं नव्हतं. कोण किती टिकवून ठेवेल हे मुख्यतः त्याने सुरुवातीला किती पक्कं शिकलं होतं यावर ठरत होतं.

१९८३ साली चाइल्ड्स, स्पिअर्स आणि प्रॉफेट यांनी नव्याने परवाना मिळालेल्या खऱ्याखुऱ्या खासगी वैमानिकांना ८, १६ आणि २४ महिन्यांनी तपासलं. इथे कौशल्य चांगलंच घसरलेलं दिसलं. शिवाय आपलं काय बिघडलंय याचा वैमानिकांचा स्वतःचा अंदाज प्रत्यक्ष कामगिरीशी नीट जुळत नव्हता.

अंतर तेच, २४ महिने. मग उत्तरं वेगळी का?

माग ठेवण्याच्या कामात परतावा सतत मिळतो. लक्ष्य डावीकडे सरकलं की दिसतं, हात लगेच दुरुस्ती करतो. सायकलसारखंच. पण ‘इंजिन बंद पडलं, आता काय?’ या प्रश्नाचं उत्तर समोर दिसत नाही. ते आठवावं लागतं, तेही क्रमाने. १९८६ च्या लेखात चाइल्ड्स आणि स्पिअर्स यांनी हाच मुद्दा मांडला: हाताने नियंत्रण करण्याच्या कौशल्यापेक्षा विचाराची आणि कार्यपद्धतीची कौशल्यं लवकर झिजतात. दुसरं संभाव्य कारण शिकण्याच्या पक्केपणात आहे. खासगी परवान्यासाठी नियमाने किमान ४० तासांचं उड्डाण पुरतं. तेवढ्यात सगळंच अंगवळणी पडतं असं नाही.

२०१४ साली कॅस्नर आणि सहकाऱ्यांनी १६ एअरलाइन वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं, तेव्हाही चित्र असंच दिसलं. स्वयंचलित यंत्रणा काढून घेतल्यावर हात बऱ्यापैकी शाबूत होते. अडचण आली ती नकाशाच्या डिस्प्लेशिवाय आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवण्यात, पुढची पायरी ठरवण्यात आणि उपकरणातला बिघाड ओळखण्यात.

हा फरक महत्त्वाचा का

सेस्ना १७२एस घ्या. इंजिन बंद पडल्यावर ६८ नॉट्सच्या वेगाने ते साधारण ९ फूट पुढे जाताना १ फूट खाली येतं. ६८ नॉट्स म्हणजे मिनिटाला जवळपास ६,९०० फूट. त्याला ९ ने भागा. म्हणजे मिनिटाला सुमारे ७६५ फूट उतार. जमिनीपासून हजार फुटांवर असाल तर हातात साधारण सव्वा मिनिट आहे. तेवढ्यात वेग धरायचा, उतरायची जागा निवडायची, इंधनाचा शटऑफ व्हाल्व्ह, टाकीचा सिलेक्टर, पंप, मिक्श्चर आणि इग्निशन तपासायचं. विमान सरळ धरायला हात चुकणार नाहीत कदाचित. पण ‘पुढचं काय होतं बरं?’ यात वीस सेकंद गेले तर ते परत मिळत नाहीत.

मग तयारी कशी करायची

आधी स्वतःची परीक्षा, मग वाचन. क्रम उलटा करू नका. २००६ च्या रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं ४२ टक्के आठवलं. एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणजे वाचून झाल्यावर ‘येतंय की सगळं’ असं वाटतं, तो विश्वास त्या पाच मिनिटांपुरता.

त्यामुळे रिव्ह्यूच्या तीन-चार आठवडे आधी कोरा कागद घ्या. दिवसा दृश्य नियमांनी उडताना किती इंधन राखीव लागतं? रात्री किती? उत्तरं ३० आणि ४५ मिनिटं. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत किती टेक-ऑफ आणि लँडिंग हवीत? प्रत्येकी तीन. जिथे पेन थांबलं, तिथेच पुस्तक उघडा. दोन-चार दिवसांनी तोच कागद पुन्हा कोरा.

दुसरं, खुर्चीत बसून उड्डाण. डोळे मिटा, आपत्कालीन क्रम मोठ्याने बोला, हात जिथे जायला हवा तिथे न्या. मग चेकलिस्टशी ताडून बघा. मित्राला मध्येच ‘इंजिन गेलं’ म्हणायला सांगा, कारण खरा प्रसंग वेळ सांगून येत नाही.

तिसरं, हवेतलं काम. ४५ अंशांचं वळण उंचीत १०० फुटांपेक्षा जास्त फरक न होता जमतंय का, स्टॉलमधून वेळेत बाहेर येता येतं का, हे प्रशिक्षकाबरोबरच बघा. आणि त्याला ‘मला काय येतं’ हे सांगण्यापेक्षा लॉगबुक दाखवा: किती तास, कधी, कुठल्या हवामानात. स्वतःच्या अंदाजापेक्षा ती नोंद भरवशाची.

संशोधनाच्या तयारीत असाल तर

विस्मरण मोजायचा प्रस्ताव लिहिताना वरच्या अभ्यासांकडून चार प्रश्न उचला. सुरुवातीची पातळी नोंदवली आहे का? मधल्या काळात कुणी किती सराव केला, ते ठाऊक आहे का? दोन वर्षांत शंभर तास उडणारा आणि दोनच तास उडणारा यांचं ‘२४ महिने’ अंतर सारखं नसतं. मध्येच गळालेले लोक कोण होते? उडणं सोडून दिलेले वैमानिक तपासणीला आलेच नाहीत, तर उरलेल्यांचा निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसेल. आणि शेवटचा, ‘कौशल्य’ म्हणून नेमकं काय मोजताय? १९६२ आणि १९८३ चे अभ्यास परस्परविरोधी वाटतात ते याच शब्दामुळे. अर्थात सहभागी, काम आणि मोजमाप सगळंच वेगळं असल्याने दोन निकाल थेट शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. वर दिलेली कारणं तपासण्याजोगी गृहीतकं म्हणूनच वाचा.

तुमच्या विषयातलं एखादं कौशल्य घ्या, मग ते प्रयोगशाळेतलं उपकरण चालवणं असो की आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. त्यातला हाताचा भाग कुठला आणि आठवायचा भाग कुठला, एवढं एका पानावर वेगळं लिहून बघा. मोजमापाची सुरुवात तिथूनच होते.