इंजिनाच्या पोटात (भाग ७) : सीसी तीच, स्वभाव वेगळा

गेल्या आठवड्यात पिस्टनपर्यंत आलो होतो. या वेळी थोडे वर, सिलिंडर हेडमध्ये जायचे आहे. हलक्या स्पोर्ट्‌स कारचे कुठले इंजिन सरस, यावर रात्र जागवणारे लोक आहेत. वाद बहुतेक सीसी आणि अश्वशक्तीवर रंगतो, कॅमशाफ्टचे नाव कुणी काढत नाही. सोलापुरात तरी ते निघायला हवे. १९९२ साली सुरू झालेली अक्कलकोट रोड एमआयडीसीतली प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स हाच एक भाग बनवून मोठी झाली. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती यांच्या इंजिनांत इथले कॅम फिरले आहेत.

कॅम समजायला सोलापूरकराला पुस्तक उघडावे लागत नाही. साध्या विणीच्या यंत्रमागाखाली एक दांडा फिरतो, त्यावर टॅपेट बसवलेले असतात. टॅपेटचा फुगवटा फिरत आला की ताण्याचे अर्धे धागे वर, अर्धे खाली जातात आणि धोट्याला वाट मिळते. मागाच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा हा खालचा दांडा एक फेरा घेतो, कारण साधी वीण दोन आडव्या धाग्यांत पुरी होते. मोटारीतही क्रँकचे दोन फेरे आणि कॅमचा एक. चार स्ट्रोकना क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. जॉबरला मागाचे टायमिंग लावताना ज्याने पाहिले आहे, त्याला टायमिंग चेन एक दाता चुकली तर काय होईल हे मी सांगायला नको.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फुगवट्याला लोब म्हणतात. तो सतत घासला जातो, म्हणून कडक हवा. पण सगळा शाफ्टच कडक झाला तर तो ठिसूळ होतो आणि लेथवर टूल टिकत नाही. यावरचा जुना, आणि मला फार आवडणारा उपाय म्हणजे चिल्ड कास्टिंग. साच्यात जिथे लोब येणार तिथे वाळूऐवजी लोखंडाचे तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. वितळलेले बीड ओतले की वाळूला टेकलेला भाग सावकाश निवतो आणि त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. चिलला टेकलेला भाग झटक्यात गोठतो. तिथे कार्बनला वेगळे व्हायला सवडच मिळत नाही, तो लोखंडाला धरून राहतो आणि कार्बाइड बनतो. ओतकाम एक, धातू एक, पण लोब पांढरा नि कडक आणि मधला दांडा करडा नि मऊ. मोडलेल्या तुकड्याची कड उजेडात धरली की दोन्ही रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

लोब किती कडक ते फाउंड्रीत ठरते. तो किती उंच आणि किती पसरट, हे डिझायनर ठरवतो, आणि गाडीचा स्वभाव तिथेच पक्का होतो. याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे लोटस एलिस. १९९६ मध्ये ही ब्रिटिश गाडी आली ती सव्वासातशे किलोंच्या आसपास वजन घेऊन. इंजिन रोव्हरचे, के-सिरीज, १७९६ सीसी, ११८ अश्वशक्ती. पुढे २००४ मध्ये तिच्या दुसऱ्या पिढीत टोयोटाचे इंजिन बसवले गेले. तेही बरोबर १७९६ सीसी, पण १८९ अश्वशक्तीचे.

ही जादाची ताकद आली कुठून? टॉर्क बघा. रोव्हरचा जास्तीत जास्त टॉर्क १६५ न्यूटन-मीटर, तो मिनिटाला ३००० फेऱ्यांवर मिळतो. टोयोटाचा १८१, पण त्यासाठी इंजिन ६८०० फेऱ्यांवर न्यावे लागते. म्हणजे टॉर्क वाढला जेमतेम दहा टक्के आणि अश्वशक्ती वाढली साठ टक्के. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, त्यामुळे उरलेली सगळी वाढ वेगाने फिरण्याची.

३००० फेऱ्यांवर पिस्टनला एकदा खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. ८००० वर त्याच्या निम्माही नाही. एवढ्यात सिलिंडर भरायचा तर इनलेट व्हॉल्व्ह जास्त उंच उचलावा लागतो आणि पिस्टन परत वर निघाला तरी थोडा वेळ उघडा ठेवावा लागतो. वेगात आलेली हवा आपल्या झोकानेच आत शिरत राहते. तोच कॅम १५०० फेऱ्यांवर चालवा, हवेला झोकच नसतो. पिस्टन तिला आल्या वाटेने परत ढकलतो, इंजिन आचके देते, पिकअप जातो.

टोयोटाने या इंजिनात एकाच शाफ्टवर दोन प्रकारचे लोब दिले, सौम्य आणि तिखट. साधारण ६२०० फेऱ्यांपर्यंत सौम्य लोब काम करतात, मग ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते आणि तिखट लोब ताबा घेतात. होंडाने ही युक्ती व्हीटेक नावाने १९८९ मध्येच आणली होती. त्यांच्या १९९९ च्या एस-२००० मध्ये तर दोन लिटरच्या इंजिनातून, टर्बोशिवाय, २५० अश्वशक्ती निघाली. हे इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जाते. कारागिरी म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. सात रस्ता ते आसरा चौक या वाहतुकीत मात्र ती पिन एकदाही जागची हलणार नाही.

पण गाडीचा हिशेब नुसत्या ताकदीवर होत नाही, वजनही बघावे लागते. एस-२००० चे वजन १२४० किलो, म्हणजे एका अश्वशक्तीवर सुमारे पाच किलोंचा भार. आता कॅटरहॅम सेव्हन १७० पाहा. इंजिन सुझुकीचे, तीन सिलिंडरचे, ६५८ सीसी. आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. टर्बोमुळे त्यातून ८४ अश्वशक्ती मिळते. गाडीचे वजन ४४० किलो, म्हणजे भार सव्वापाच किलो. होंडाच्या इंजिनवाल्यांनी जिवाचे रान करून जे मिळवले, ते इथे गाडीतले जवळजवळ सगळे बिनबोभाट काढून टाकून मिळवले आहे.

आपल्याकडच्या पुण्याच्या डीसी अवंतीतही रेनोचे २५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते, पण गाडी दीड टनाहून जड. हिशेब सहा किलोंच्या पुढे जातो, म्हणजे ११८ अश्वशक्तीच्या पहिल्या एलिसइतकाच. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीच्या रोडस्टरमध्ये इसुझुचे १.८ लिटर इंजिन घातले, कॉन्टेसातून आपल्या मेकॅनिकांच्या ओळखीचे झालेले. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासची दोन सीटची गाडी निघाली, तिच्यात रेनोचे ११४९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे, सिंगल कॅम इंजिन होते. ‘स्पोर्ट्‌स कार आणि साठ घोडे?’ म्हणून तिची थट्टा झाली. मला ती अर्धीच पटते. पळायला ती कमीच होती, पण खालच्या फेऱ्यांवर ओढणारा सौम्य कॅम समुद्रकाठच्या वळणदार रस्त्यांना शोभणारा होता.

माझ्यापुढे दोन्ही एलिस उभ्या केल्या तर मी रोव्हरवालीच घेईन. तिची ओढ ३००० फेऱ्यांवर, म्हणजे माणूस रोज चालवतो तिथे मिळते. एकच खोट आहे : हे इंजिन हेड गॅस्केट जाण्याबद्दल बदनाम आहे, आणि आपला उन्हाळा त्याला दया दाखवणार नाही. तेव्हा अशी जुनी गाडी कुणी दाखवली तर आधी ऑइलचे झाकण उघडा. आत दुधाळ थर दिसला की किमतीची बोलणी तिथेच थांबवा.