एका पत्त्यावर दोघे

टॅलीतली नोंद अर्धवट अडकते, प्रिंटर गप्प बसतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते: या नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरचाही आयपी अॅड्रेस हाच आहे. चेंबूर स्टेशनपासून कॅम्पापर्यंतच्या छोट्या ऑफिसांत, दवाखान्यांत, क्लासेसमध्ये यावर सर्वमान्य उपाय एकच, ‘राउटर बंद करून चालू कर.’ तेवढ्यापुरतं सुरूही होतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कारण या उपायाने भांडण मिटत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

चेंबूरकराला ही भानगड समजायला जड जाऊ नये, कारण इथल्या कितीतरी रस्त्यांना नावाऐवजी नंबरच आहेत. चेंबूर जिमखाना सोळाव्या रस्त्यावर आहे, आणि सोळावा रस्ता खारलाही आहे. चेंबूर नाक्यावर रिक्षात बसून ‘सोळावा रस्ता’ म्हटलं तर रिक्षावाला खारची चौकशी करत नाही. पत्राला मात्र ४०००७१ की ४०००५२ ते सांगावं लागतं. (ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातले, नोकरीने टपाल खात्यातले आणि वृत्तीने संस्कृत कवी.) तुमच्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.२५ हा पत्ता ‘सोळावा रस्ता’ याच जातीचा. जगभर असंख्य घरांत तो आहे आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते एकाच रस्त्यावर एकाच नंबरची दोन घरं निघाली की.

असे घरगुती पत्ते काढावे लागले ते टंचाईमुळे. १९८१मध्ये ठरलेल्या पद्धतीत आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते उदंड वाटले. १९९४मध्ये त्यातले तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, १९२.१६८ने सुरू होणारा त्यातलाच एक. आत कुणी काहीही पत्ते वापरावेत, बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता दाखवणार. एवढी काटकसर करूनही जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपले.

आता प्रत्यक्ष गोंधळ कसा होतो ते पाहू. कॉम्प्युटरला प्रिंटरकडे काही पाठवायचं असतं तेव्हा तो आधी सगळ्या नेटवर्कला विचारतो, ‘अमुक नंबर कोण?’ ज्याचा तो पत्ता असतो तो आपला मॅक क्रमांक कळवतो. मॅक म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेली ओळख. १९८२पासून चालत आलेल्या या पद्धतीला एआरपी म्हणतात आणि तिचा स्वभाव भोळा आहे: जो उत्तर देईल तो खरा. दोघांनी उत्तर दिलं तर सहसा शेवटचं उत्तर ग्राह्य. म्हणून कागद एकदा छापला जातो, एकदा नाही, आणि सगळे वायरीला दोष देतात. २००८मध्ये अॅपलच्या स्टुअर्ट चेशायर यांनी यावर नियम लिहिला की पत्ता घेण्याआधी तीनदा विचारा, कुणी ‘ओ’ दिली तर तो पत्ता सोडा. कोपऱ्यातली ती सूचना अशाच विचारपुशीतून येते. पण जुने प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे एवढा शिष्टाचार पाळतीलच असं नाही.

मुंबईत सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. (पुन्हा १५ ऑगस्ट. सरकारला दुसरी तारीख सुचत नसावी.) फोनवरून डायल केलं की दर वेळी पलीकडून पत्ता मिळायचा, त्यामुळे भांडणाला वाव नव्हता. तो मिळाला २००० नंतर, केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर लॅनच्या वायरी टाकल्या तेव्हा. कितीतरी गिऱ्हाइकांना आयपी चिठ्ठीवर लिहून मिळायचा. विंडोज नव्याने टाकताना कुणी एक आकडा चुकवला की शेजारच्या बिल्डिंगमधल्या अनोळखी माणसाचं नेट बंद, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मग केबलवाले प्रत्येक आयपी मॅकशी बांधायला लागले. नवा कॉम्प्युटर घेतला की आधी त्यांना फोन करून मॅक सांगायचा. लोक वैतागायचे, पण माझ्या मते केबलवाल्याचंच बरोबर होतं: पत्त्यांची वही एकाच्याच हातात हवी.

आज ती वही राउटरमध्ये असते, तिचं नाव डीएचसीपी. आलेल्या प्रत्येक यंत्राला ती ठरावीक मुदतीसाठी पत्ता देते. गोंधळ होतो तो वहीला न विचारता काही केलं की. कॅमेरेवाला येतो, डीव्हीआरला हाताने १९२.१६८.१.१०८ टाकतो आणि निघून जातो. राउटरला याची खबरच नाही. तो आठवड्याने तोच १०८ कुणाच्या तरी लॅपटॉपला देतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून लावलेला जुना राउटर. त्याचा डीएचसीपी चालूच राहतो आणि एका ऑफिसात दोन वह्या होतात.

चोर पकडणं सोपं आहे. ज्या यंत्रावर तक्रार आली ते नेटवर्कवरून काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच पत्त्यावर पिंग करा. उत्तर आलं तर तोतया जिवंत आहे. मग ‘एआरपी -ए’ ही कमांड दिली की त्याचा मॅक दिसतो. मॅकच्या बारा अक्षरांतली पहिली सहा बहुधा कंपनीची असतात. ती शोधली की प्रिंटर, कॅमेरा की मोबाइल, हे कळतं. मोबाइल मात्र हल्ली वायफायवर बनावट मॅक दाखवतात, तिथे हा माग तुटतो.

उपाय राउटरच्या पानावरच आहे. प्रिंटर, डीव्हीआर, सर्व्हर यांचे पत्ते त्यांच्या मॅकसाठी तिथे राखून ठेवा आणि यंत्रांवर पत्ता ‘ऑटोमॅटिक’ करा. यंत्र ऐकत नसेल तर वाटपाची हद्द समजा १०० ते १९९ ठेवा आणि हाताने दिलेले पत्ते ५०च्या आत. जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करा आणि त्यालाही वेगळा पत्ता द्या, नाहीतर दोन्ही राउटर १९२.१६८.१.१वर हक्क सांगतील.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१चं आणि घरचंही तेच असेल, तर व्हीपीएन जोडल्यावर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर तुमच्या हॉलमध्येच शोधत बसतो. घरचा पट्टा १९२.१६८.७७ असा काहीतरी आडवळणाचा करून टाका. काम पाच मिनिटांचं आहे.

आणि पुढच्या वेळी कॅमेरेवाला किंवा प्रिंटरवाला आला, की त्याचे पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: पत्ता कोणता दिलास, आणि राउटरमध्ये राखून ठेवलास का?